सह्याद्रीकडे पाहण्याच्या तीन दृष्टी : गो. नी. दांडेकरांचे दुर्गलेखन आणि कादंबऱ्या यांचा एक अन्वय

प्रस्तावना

मराठी साहित्यात सह्याद्रीचे वर्णन विपुल आहे. ऐतिहासिक कादंबरी, प्रवासवर्णन, ललित निबंध, निसर्गकविता आणि अलीकडच्या काळातील दुर्गभ्रमंतीपर पुस्तके या सर्वांत हा पर्वत पुन्हा पुन्हा येतो. तथापि हे वर्णन कोणाच्या नजरेतून होते, या प्रश्नाकडे मराठी समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. डोंगर एकच असतो. मात्र त्यावर राज्य करणारा, त्याला भेट देणारा आणि त्यावर राहणारा अशा तिघांना तो वेगवेगळा दिसतो. या तीन दृष्टींपैकी पहिल्या दोन मराठी गद्यात ठळकपणे उमटल्या आहेत. तिसरी दृष्टी मात्र क्वचित आणि बहुधा दुसऱ्याच्या लेखणीतून व्यक्त झाली आहे.

प्रस्तुत निबंधात गोपाळ नीलकंठ दांडेकर (१९१६–१९९८) यांचे दुर्गविषयक लेखन आणि त्यांच्या 'पवनाकाठचा धोंडी', 'माचीवरला बुधा' व 'जैत रे जैत' या तीन कादंबऱ्या एकत्र ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे. दांडेकरांची निवड करण्यामागे एक विशेष कारण आहे. भेट देणाऱ्याची दृष्टी आणि राहणाऱ्याची दृष्टी या दोन्हींतून एकाच लेखकाने सह्याद्रीचे एवढ्या सातत्याने लेखन केल्याचे दुसरे उदाहरण मराठीत सहसा आढळत नाही. त्यांच्या दुर्गभ्रमणाची प्रशंसा पुष्कळ झाली, कादंबऱ्यांतील निसर्गचित्रणाचेही कौतुक झाले. परंतु हे दोन्ही लेखनप्रकार परस्परांना कोणते प्रश्न विचारतात, हे तपासले गेले नाही. ते तपासणे हा या निबंधाचा हेतू आहे.

१. राज्यकर्त्याचा डोंगर

मराठीत डोंगराचा गद्यातून विचार करण्याची एक जुनी परंपरा राजनीतीच्या ग्रंथात सापडते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले 'आज्ञापत्र' हे अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणातील असून त्याचा संबंध कोल्हापूरच्या गादीशी आहे. पंत अमात्यांचे बावडा म्हणजे आजचे गगनबावडा. सह्याद्रीच्या ऐन कण्यावर ज्याचे ठाणे होते, अशा मुत्सद्द्याने दुर्गांविषयी लिहिलेले हे प्रकरण म्हणूनच केवळ तात्त्विक राहत नाही.

या प्रकरणात गड राज्याचा आधार मानला आहे. गड बांधण्यापूर्वी पाण्याची सोय पाहावी, चढणीचा मार्ग सुगम ठेवू नये, गडावर झाडे लावावीत व जतन करावीत, हवालदार, सबनीस, कारखानीस यांच्या नेमणुका कशा कराव्यात, यांसारख्या बाबींचा येथे बारकाईने विचार आढळतो. डोंगराच्या सौंदर्याविषयी यात काही नाही. तशी अपेक्षाही करता येत नाही. डोंगर हे येथे राज्याचे अंग आहे. त्याची दुर्गमता हा दोष नसून गुण आहे आणि झाडी ही शोभा नसून संरक्षण आहे.

ही दृष्टी कोरडी वाटली, तरी तिच्यात एक गोष्ट लक्षणीय आहे. राज्यकर्त्याच्या डोंगरात माणसांना निश्चित स्थान आहे. गडाचा घेरा, घेऱ्यातील मेटी, मेटकरी, पहारेकरी या सर्वांना कामे होती आणि त्या कामांबरोबर येणारी वतने व मानही होता. राज्य गेल्यावर ही कामे संपली. परंतु शब्द आणि मान दोन्ही डोंगरावर शिल्लक राहिले. 'माची', 'मेट', 'घेरा' हे शब्द आज गावांच्या व वाड्यांच्या नावांत आढळतात. लष्करी व्यवस्थेची परिभाषा अशा रीतीने रहिवाशांच्या पत्त्यात उतरली. दांडेकरांच्या कादंबऱ्यांना येथूनच सुरुवात होते, हे पुढे दिसून येईल.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमलात तयार झालेल्या गॅझेटिअरांनी या दृष्टीला वेगळे वळण दिले. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या कोल्हापूर संस्थानाच्या खंडात डोंगर, घाट, किल्ले, जंगल, पिके व जाती यांची स्वतंत्र नोंद आहे. माहिती विपुल आहे. परंतु डोंगर एका प्रकरणात आणि माणसे दुसऱ्या प्रकरणात, अशी तिची वाटणी झाली आहे. पुढील काळातील मराठी भ्रमंतीलेखनाने गॅझेटिअरांचा आधार मोठ्या प्रमाणावर घेतला. त्यामुळे माहितीबरोबर ही वाटणीही त्या लेखनात नकळत आली, असे म्हणण्यास जागा आहे.

२. यात्रिकाचा डोंगर

दांडेकरांचे दुर्गलेखन 'दुर्गभ्रमणगाथा', 'किल्ले', 'दुर्गदर्शन' यांसारख्या पुस्तकांतून वाचकांसमोर आले. लहान वयातच घर सोडून स्वातंत्र्यचळवळीत उडी घेणे, गाडगे महाराजांचा सहवास, वेदान्ताचे अध्ययन, नर्मदा परिक्रमा असा त्यांचा जीवनप्रवास होता. 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आणि साहित्य अकादमीचा १९७६ चा पुरस्कार लाभलेली 'स्मरणगाथा' यांतून तो प्रवास वाचकांना परिचित आहे. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली, म्हणजे त्यांचे किल्ल्यांवर जाणे हे पर्यटन नव्हते, हे समजते. परिक्रमा करणाऱ्याने जशी नदी पाहावी, तसा त्यांनी गड पाहिला. 'भ्रमण' आणि 'गाथा' हे दोन्ही शब्द त्यांच्या पुस्तकांच्या नावांत पुन्हा पुन्हा येतात, हा योगायोग नाही.

यात्रिकाच्या दृष्टीची काही वैशिष्ट्ये सांगता येतील. पहिले वैशिष्ट्य म्हणजे पुनरावृत्ती. यात्रिक एकाच क्षेत्री पुन्हा पुन्हा जातो आणि प्रत्येक वेळी त्याला ते नवे वाटते. राजगड व रायगड यांच्याशी दांडेकरांचे नाते या प्रकारचे होते. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे स्मरण. डोंगरावरील प्रत्येक दगड भूतकाळातील एखाद्या प्रसंगाशी जोडला जातो आणि वर्तमानातील भग्न अवशेष पाहताना पूर्वीचे वैभव मनात उभे राहते. तिसरे वैशिष्ट्य म्हणजे कष्टाला येणारे मूल्य. चढण, तहान, थंडी, पाऊस यांना व्रताचे रूप प्राप्त होते. ज्याने कष्ट घेतले नाहीत, त्याला दर्शनाचा अधिकार नाही, अशी या लेखनामागील श्रद्धा आहे.

या दृष्टीचे मोल कमी लेखता येणार नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरी मध्यमवर्गातील तरुणांना दांडेकरांनी किल्ल्यांवर नेले आणि इतिहास पाठ्यपुस्तकातून बाहेर काढून पायांखाली आणला. त्यांच्या गद्याची लय चालण्याची लय आहे. वाक्ये लहान आहेत, शब्दांत संस्कृत व बोली यांचे मिश्रण आहे आणि वर्णनात स्थिर चित्राऐवजी पुढे सरकणारी वाट आहे. मराठी प्रवासवर्णनाला त्यांनी दिलेली ही देणगी आहे.

परंतु यात्रिकाच्या दृष्टीला अंगभूत मर्यादाही आहेत. यात्रिक येतो आणि परत जातो. त्याच्या डोंगराला ऋतू असतात, पण वर्ष नसते. पावसाळ्यात तो धबधबे व धुके पाहतो; ज्या घरातील माणसे त्या पावसापूर्वी सरपण, धान्य व गुरांचा चारा साठवून चार महिने अडकून पडतात, त्यांच्या पावसाशी त्याचा परिचय होत नाही. कारवीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सह्याद्रीतील कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि त्या वर्षी ती पाहण्यासाठी शहरांतून लोक येतात. डोंगरावर राहणाऱ्याला मात्र कारवी दरवर्षी लागते, कारण तिच्या काठ्यांचा कूड करून, शेणमातीने लिंपून घराच्या भिंती उभ्या राहतात. फूल आणि कूड ही एकाच झुडपाची दोन सत्ये आहेत. मराठी निसर्गलेखनात पहिल्यावर जेवढी पाने खर्ची पडली, तेवढी दुसऱ्यावर पडलेली नाहीत.

३. वाटाड्याची भूमिका

भेट देणाऱ्याच्या लेखनात डोंगरावरचा माणूस अनुपस्थित असतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो असतोच, प्रश्न तो कोणत्या भूमिकेत असतो हा आहे. मराठी भ्रमंतीलेखनाकडे या दृष्टीने पाहिले असता तीन भूमिका प्रामुख्याने आढळतात. पहिली वाटाड्याची. तो चुकलेल्या पाहुण्याला वाटेवर आणतो. दुसरी यजमानाची. तो रात्री ओसरीवर जागा देतो, पिठले-भाकरी वाढतो आणि पैसे घेण्यास संकोचतो. तिसरी कथेकऱ्याची. तो टाक्याविषयी, देवीविषयी किंवा गुप्त भुयाराविषयी एखादी आख्यायिका सांगतो. लेखक ती ऐकून घेतो आणि बहुधा तिच्या ऐतिहासिक सत्यतेविषयी शंका नोंदवतो.

या तिन्ही भूमिकांत एक समान सूत्र आहे. पाहुण्याचा प्रवास पूर्ण व्हावा, यासाठीच हा माणूस उपस्थित असतो. त्याचा स्वतःचा प्रवास, म्हणजे बाजाराला जाणे, आजारी माणसाला डोलीतून खाली नेणे, मजुरीसाठी शहरात जाणे, हा वर्णनाचा विषय होत नाही. त्याचे आदरातिथ्य हा स्वभावधर्म मानला जातो. त्या भाकरीचे नाचणीचे पीठ किती डबे शिल्लक होते, हा प्रश्न उपस्थित होत नाही.

दांडेकरांच्या दुर्गलेखनातही या भूमिका आहेत. मात्र एक फरक नोंदवणे आवश्यक आहे. ज्या परिसरात ते यात्रिक म्हणून वारंवार गेले, त्याच परिसरातील माणसांना त्यांनी कादंबऱ्यांत नायकपद दिले. राजमाची, तुंग, कर्नाळा ही स्थळे भटक्यांच्या यादीत असतातच. दांडेकरांनी तेथे बुधा, धोंडी व नाग्या यांना उभे केले. प्रवासवर्णनाच्या चौकटीत जे मावत नव्हते, त्यासाठी त्यांना दुसरा साहित्यप्रकार शोधावा लागला, असे यावरून म्हणता येते. या अर्थाने त्यांच्या कादंबऱ्या हे त्यांच्याच दुर्गलेखनावरील भाष्य ठरते.

४. रहिवाशाचा डोंगर

विसाव्या शतकाच्या सहाव्या व सातव्या दशकांत आलेल्या या तीन कादंबऱ्यांतून डोंगराशी असलेल्या नात्याची तीन रूपे दिसतात.

'पवनाकाठचा धोंडी' ही पवनमावळातील कथा आहे. धोंडी हा तुंग किल्ल्याच्या परिसरातील हवालदार घराण्यातला. हवालदारी देणारे राज्य केव्हाच लयाला गेले आहे. तरीही त्या पदाबरोबर आलेला मान, जबाबदारी व इभ्रत धोंडीच्या जगण्याचा कणा आहे. 'आज्ञापत्रा'तील नेमणूक येथे व्यक्तीच्या स्वभावात उतरली आहे. यात्रिकाला तुंग हा इतिहासाचा अवशेष दिसतो. धोंडीला तो स्वतःचा वर्तमान वाटतो. गड ओस पडला असेल, पण गडाशी असलेली बांधीलकी ओस पडलेली नाही, हे ही कादंबरी सांगते. पुढे पवना नदीवर धरण झाले आणि खोऱ्यातील बराच भाग पाण्याखाली गेला. आज तुंगच्या माथ्यावरून दिसणारा विस्तीर्ण जलाशय पाहुण्याला नयनरम्य वाटतो. कादंबरीच्या वाचकाला मात्र त्या पाण्याखाली एक संपूर्ण जग असल्याची जाणीव होते. साहित्यकृती भूगोलाच्या वाचनात असा बदल घडवू शकते.

'माचीवरला बुधा' ही आयुष्याची वर्षे मुंबईत काढून राजमाचीवर परतणाऱ्या वृद्धाची कथा आहे. झाडे, पशुपक्षी व माती यांच्या सोबतीने तो माचीवर राहतो आणि त्या सृष्टीतच त्याचा शेवट होतो. ही कादंबरी सहसा निसर्गाशी एकरूप झालेल्या माणसाची कथा म्हणून वाचली जाते. हे वाचन योग्य असले, तरी अपुरे आहे. तिच्या आरंभाशीच स्थलांतर आहे. डोंगरावरच्या माणसाला मुंबईस का जावे लागले, हा प्रश्न कादंबरी मोठ्याने विचारत नाही. पण बुधाचे परतणे त्या जाण्यावरच उभे आहे.

येथे एका ऐतिहासिक वस्तुस्थितीकडे लक्ष वेधणे उचित होईल. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. या लोहमार्गाने मावळ व कोकणातील माणसे मुंबईच्या मजुरीशी जोडली गेली. त्याच मार्गाने पुढच्या शतकात मुंबई-पुण्याचे भटके लोणावळा व कर्जत येथे उतरून राजमाचीकडे जाऊ लागले. रहिवाशाचे खाली उतरणे आणि पाहुण्याचे वर चढणे या एकाच वाटेच्या दोन दिशा आहेत. बुधा हा या वाटेवर उलट दिशेने चालणारा माणूस आहे. त्याला डोंगर सुंदर वाटतो तो पाहुण्याप्रमाणे नव्याने भेटला म्हणून नव्हे, तर गमावलेला परत मिळाला म्हणून. सौंदर्याच्या या दोन अनुभवांतील भेद स्पष्ट करणे, हे या कादंबरीचे महत्त्वाचे यश होय.

'जैत रे जैत' मध्ये हे नाते आणखी वेगळे रूप घेते. ठाकर समाजातील नाग्या, त्याची सोबतीण चिंधी, लिंगोबाचा डोंगर आणि त्याच्या कड्यावरील मधमाश्या यांची ही कथा आहे. कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा बेसाल्टचा सुळका आणि त्यावरील पोळी हे या कथेचे प्रत्यक्षातील अधिष्ठान आहे. माश्यांच्या दंशाने डोळा गमावलेला नाग्या त्या पोळ्यांशी वैर धरतो. कड्यावर चढणे हा त्याच्या दृष्टीने पराक्रमाचा छंद नाही. त्यात श्रद्धा आहे, पुण्य-पापाचा हिशेब आहे, सूड आहे आणि देवाला जाब विचारण्याचे धाडस आहे. यात्रिकाच्या चढाईला दर्शनाने पूर्णत्व येते. नाग्याची चढाई मात्र दर्शनाच्या आशेचा भंग झाल्यावर सुरू होते. शीर्षकातील 'जैत' म्हणजे विजय. परंतु त्या विजयाची किंमत इतकी मोठी आहे की शब्दाचा अर्थच संदिग्ध होतो.

या कादंबरीवर डॉ. जब्बार पटेल यांनी १९७७ साली चित्रपट केला. हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि ना. धों. महानोरांची गीते यांमुळे तो सर्वदूर पोहोचला. चित्रपटाच्या लोकप्रियतेमुळे ठाकरांचे जग गाण्यांतून घरोघर गेले, हे खरे. त्याचबरोबर मूळ कादंबरीतील डोंगर व माणूस यांच्यातील कठोर झगडा गाण्यांच्या गोडव्यात काहीसा मागे पडला, हेही मान्य करावे लागते. कर्नाळ्याचा परिसर १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. त्या सुळक्याकडे दुर्बिणीतून पाहणाऱ्या अनेकांना तेथे कोणाचा देव होता, याची कल्पना नसते.

तिन्ही कादंबऱ्यांतील भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. येथे एवढेच नमूद करता येईल, की दुर्गलेखनात संस्कृतप्रचुर निवेदन आणि अधूनमधून बोलीतील संवाद अशी विभागणी असते. कादंबऱ्यांत ती सीमारेषा पुसट होत जाते. निवेदकाची भाषा पात्रांच्या बोलीकडे झुकते आणि डोंगराची नावे व वर्णने रहिवाशाच्या शब्दकोशातून येतात. दृष्टी बदलली की भाषा बदलते, याचा हा पुरावा आहे.

५. आक्षेप आणि त्यांचा विचार

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. दांडेकर हे स्वतः डोंगरावरचे रहिवासी नव्हते. त्यांचा जन्म विदर्भातील परतवाड्याचा आणि दीर्घ वास्तव्य तळेगाव दाभाडे येथील. महादेव कोळी वा ठाकर यांच्या जगाचे चित्रण त्यांनी बाहेरून आत जाऊन केले. मग या कादंबऱ्यांतील दृष्टीला रहिवाशाची दृष्टी म्हणणे कितपत योग्य ठरेल? ती पाहुण्यानेच कल्पिलेली रहिवाशाची दृष्टी नाही काय?

आक्षेपात तथ्य आहे. बुधाच्या एकान्तात जी शांतता आहे, ती माचीवर राहणाऱ्या बहुसंख्यांना लाभत नाही. सावकार, जंगलखात्याचे निर्बंध, हिरड्याला मिळणारा भाव, दवाखान्याचे अंतर हे प्रश्न तेथे कथेच्या केंद्रस्थानी येत नाहीत. शहरी जीवनाला विटलेल्या वाचकाला हवा असलेला डोंगर काही अंशी बुधाच्या रूपाने मिळतो आणि म्हणूनच ही कादंबरी त्याला प्रिय होते, असेही म्हणता येईल. दलित व आदिवासी साहित्याने अनुभवाच्या अधिकाराचा जो प्रश्न मराठीत उपस्थित केला, त्याच्या प्रकाशात दांडेकरांचे पुनर्वाचन होणे आवश्यक आहे.

तथापि आक्षेप मान्य करूनही दोन गोष्टी शिल्लक राहतात. एक, दांडेकरांनी रहिवाशाला वाटाड्याच्या भूमिकेतून मुक्त केले. धोंडी, बुधा व नाग्या कोणाच्याही प्रवासाची सोय करण्यासाठी कादंबरीत आलेले नाहीत. त्यांना स्वतःचे हेतू, अहंकार, चुका व मृत्यू आहेत. दोन, हे लेखन दुर्गलेखनाच्या बरोबरीने झाल्यामुळे त्या काळच्या वाचकाला दोन्ही डोंगर एकाच लेखकाकडून मिळत होते. पुढील पिढीने त्यांपैकी एकच वारसा घेतला. किल्ल्यांची माहिती, वाटा, अंतरे व छायाचित्रे देणारी पुस्तके पुष्कळ निघाली. माचीवरल्या माणसाला केंद्रस्थानी ठेवणारे लेखन मात्र त्या प्रमाणात पुढे गेले नाही. या दुभंगाची जबाबदारी दांडेकरांवर टाकता येत नाही. ती वाचकांची, प्रकाशनव्यवहाराची आणि अभ्यासक्रमांचीही आहे.

६. कोल्हापूरच्या पश्चिमेचा डोंगर

वरील चर्चा मावळ व रायगड परिसरातील स्थळांविषयी झाली. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस असलेल्या सह्याद्रीच्या संदर्भात ती अधिक तीव्र होते. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी व भुदरगड या तालुक्यांतील डोंगर घनदाट अरण्याचा, सड्यांचा आणि अतिवृष्टीचा प्रदेश आहे. दाजीपूरच्या गव्यांसाठी १९५८ साली घोषित झालेले अभयारण्य हे महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य मानले जाते. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यात महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार स्थळे आहेत. २०२५ साली 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने १२ किल्ल्यांचा समावेश त्याच यादीत झाला आणि त्यात पन्हाळ्याला स्थान मिळाले.

या दोन नोंदी अभिमानास्पद आहेत. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र त्यांत एक ओळखीची विभागणी दिसते. एका यादीत डोंगर ही जैवविविधता आहे, दुसरीत तो लष्करी स्थापत्य आहे. म्हणजे एका बाजूस निसर्गप्रेमी पाहुण्याचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूस राज्यकर्त्याचा डोंगर. त्याच पट्ट्यात म्हशी घेऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या गवळी धनगरांचा आणि देवराई राखणाऱ्या गावांचा डोंगर या दोन्ही शीर्षकांत सामावत नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०११ मध्ये सादर केलेल्या अहवालात ग्रामसभांच्या सहभागावर भर होता. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला आणि पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या सीमा कोणत्या असाव्यात, यावर दीर्घकाळ वाद झाला. त्या वादात शास्त्रज्ञ बोलले, उद्योग बोलले, राजकीय पक्ष बोलले. डोंगरावर राहणाऱ्या माणसाला डोंगर म्हणजे काय वाटते, हे सांगणारी साहित्यिक साधने त्या चर्चेस फारशी उपलब्ध नव्हती. ही उणीव धोरणाची जेवढी आहे, तेवढीच साहित्याचीही आहे.

या संदर्भात विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती' या कादंबरीचा उल्लेख अपरिहार्य आहे. १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी धरणग्रस्तांच्या विस्थापनाचे चित्रण करते. तिच्यात रहिवासी आहे, पण तो डोंगर व गाव सोडावे लागलेला रहिवासी आहे. दांडेकरांच्या धोंडीचा कणा ज्या भूमीत होता, ती भूमीच येथे काढून घेतली जाते. कोयना, वारणा व चांदोली या परिसरांतील गावांनी धरण आणि संरक्षित वन अशा दोन्ही कारणांनी स्थलांतर अनुभवले आहे. २०१० साली कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. ज्या जागी आज पाहुणा 'निर्मनुष्य' अरण्याचा आनंद घेतो, तेथे ओस पडलेल्या घरांची जोती व देवळे आढळतात. निर्मनुष्यता ही तेथे निसर्गाची अवस्था नसून अलीकडच्या इतिहासाची घटना आहे. 'माचीवरला बुधा' आणि 'झाडाझडती' या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून शिकवल्या, तर परतणारा आणि परतू न शकणारा अशा दोन रहिवाशांचा डोंगर विद्यार्थ्यांसमोर येईल. ज्या महाविद्यालयांत या तालुक्यांतील मुले-मुली शिकतात, तेथे हे वाचन केवळ वाङ्मयीन राहणार नाही. त्यांपैकी काहींच्या घरी तो इतिहास अजून बोलला जातो.

निष्कर्ष

१. सह्याद्रीविषयक मराठी गद्यात राज्यकर्त्याची, यात्रिकाची व रहिवाशाची अशा तीन दृष्टी आढळतात. पहिलीत डोंगर हे साधन आहे, दुसरीत ते क्षेत्र आहे आणि तिसरीत ते घर आहे.

२. दांडेकरांच्या दुर्गलेखनात यात्रिकाची दृष्टी सर्वाधिक समर्थपणे व्यक्त झाली. त्या चौकटीत न मावलेला माणूस त्यांच्या कादंबऱ्यांत नायक झाला. म्हणून त्यांचे दुर्गलेखन आणि कादंबऱ्या स्वतंत्रपणे न वाचता परस्परांच्या संदर्भात वाचणे आवश्यक आहे.

३. त्यांच्या कादंबऱ्यांतील रहिवासी हा सहानुभूतीने पण बाहेरून घडवलेला आहे. ही मर्यादा मान्य करूनही वाटाड्याला नायकपद देण्याचे त्यांचे कार्य महत्त्वाचे ठरते.

४. त्यांच्यानंतरच्या भ्रमंतीलेखनाने भ्रमणाचा वारसा स्वीकारला, माणसाचा वारसा बव्हंशी मागे ठेवला. जागतिक वारसा, संवर्धन व पर्यटन यांविषयीच्या आजच्या चर्चेतही हीच विभागणी दिसते.

५. कोल्हापूरच्या पश्चिमेकडील डोंगरवस्तीतून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांकडे तिसऱ्या दृष्टीचे भांडार आहे. वाड्यांची नावे, वाटांची नावे, देवरायांचे नियम, उठलेल्या गावांच्या आठवणी यांचे संकलन प्रकल्पकार्याच्या रूपाने मराठी विभागांना हाती घेता येईल. डोंगरावर कसे जावे, हे सांगणारी पुस्तके मराठीत भरपूर आहेत. डोंगरावरून खाली आलेल्यांनी लिहिलेली पुस्तके येण्यासाठी वर्गात त्यांचे शब्द आधी ऐकले गेले पाहिजेत.